मुरूम लागेपर्यंत

परभणी, १२ जुलै २०२४

ती. सुकेशनीताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहिते. परवा सकाळच्या भूकंपात आमच्या जिन्याजवळची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. आई चहा घेत होती. बशी हातातून उडाली. तेव्हापासून ती घरात पाऊल टाकत नाही. अंगणात पत्र्याखाली खाट टाकून बसलीय आणि म्हणती, घर आजून हलायलंय. धक्का हिंगोलीकडचा, म्हणजे तुला आमच्यापेक्षा जवळ. तुमचं काय पडलं? लपवू नकोस.

लोभ असेल तर पत्रात तरी दिसू दे.
तुझी नीलम

जिंतूर, १६ जुलै

चि. नीलम हिस,
अनेक आशीर्वाद.

काही पडलं नाही. मांडणीतल्या वाट्या किणकिणल्या, बस. आमच्या शाळेतले भूगोलाचे सर म्हणाले, ताट हलवलं तर भाकरी ताटाबरोबर हलते, वरण मात्र काठाबाहेर हिंदकळतं. माळावरचा आमचा मुरूम भाकरी, तुमची खोल काळी माती वरण.

खरं लिहू? तड्याचं वाचून मला आधी बरं वाटलं. बाबांनी धाकटीला आधी निवडू दिलं. तू रस्त्यावरचा, काळ्या मातीचा प्लॉट उचललास, मला माळावरचे दगडधोंडे. नऊ वर्षं जळतेय. आई तुझ्याच घरी राहते, यानं जास्तच. मग बशीचं वाचलं आणि माझीच मला लाज वाटली.

आईला इकडं पाठव. आणि एक सांग, बाबा म्हणाले होते, मुरूम लागेपर्यंत पाया खणा. खणला होतास ना?

रागावलीस तरी उत्तर दे.
ताई

परभणी, २० जुलै

ती. ताईस,
जयभीम.

नाही खणला. भुजंग मिस्त्री नको नको म्हणत असताना पाच फुटांवर थांबवलं. वाचलेलं सिमेंट-लोखंड वरच्या मजल्याला लावलं. तुला नोकरी, मान. मला नुसतं घर. निदान ते तुझ्यापेक्षा उंच हवं होतं. गृहप्रवेशाला तू आलीस, पण गुडघे दुखतात म्हणून वर चढलीच नाहीस!

इंजिनिअर म्हणतात, खांब तपासेपर्यंत आत राहू नका. आम्ही पत्र्याखाली दिवस काढू, पण पावसात आईला कसं ठेवू? तुझ्याकडं जायचं म्हटल्यावर ती लगेच हसली. मला ते लय लागलं. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं तिला घेऊन येते. जप तिला, फार लाड करू नकोस, तिथलीच होऊन जाईल.

खाट मात्र देत नाही. पत्र्याखाली तशीच अंथरलेली ठेवते.

माया आटू देऊ नकोस.
नीलम