काकांनी सरळ करायला घेतलेलं टेबल

नाहूर, ६ जुलै २०२४

ती. नीलामावशीस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू टेन्शन घेऊ नको म्हणतेस आणि लगेच जेवलीस का विचारतेस, म्हणून हे पत्र. संग्रहालयातल्या त्या जागेसाठी पुन्हा मुलाखत आहे. लोकांना चित्रं समजावून सांगायचं काम. मला हेच हवंय गं. मागच्या वर्षी मी पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं आणि प्रमुख बाईंनी काहीच कळलं नाही म्हणून सांगितलं. यंदा त्यांच्या संग्रहातलं एक क्युबिस्ट स्थिरचित्र दिलंय. टेबल, बाटली, कप, द्राक्षं, सगळं मोडूनतोडून मांडलेलं. तेही साध्या मराठीत समजवायचं! माझी वाट लागणार. सोबत छापील प्रत पाठवते, तुला काय दिसतं ते खरं सांग.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.

तुझी,
रुचिरा

चारकोप, ११ जुलै २०२४

चि. रुचिरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र मी हौसेने फ्रेम करून भिंतीवर लावलं. तुझे काका कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे. लोकांच्या घरच्या तसबिरीसुद्धा सरळ करत बसतात. टेबल कललंय म्हणून त्यांनी फ्रेम फिरवली. टेबल सरळ झालं, तर बाटली आडवी व्हायला आली. बाटली उभी केली, तर कप सांडायला लागला. भाजी गार झाली, पण हे स्टुलावरून उतरायला तयार नाहीत. शेवटी वैतागून म्हणाले, की हा माणूस एका जागी बसलाच नसणार, टेबलाभोवती हिंडत होता. मी पोट धरून हसले. मला म्हणशील, तर द्राक्षं तेवढी ओळखू आली बाई.

जाताना पुस्तक घरी ठेव. आमचा जीव तुझ्यावर आहे, तुझाही असू दे.

तुझी मावशी,
नीला

नाहूर, २० जुलै २०२४

ती. मावशीस व काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मिळाली! जागा मिळाली!

तुझं पत्र वाचून मी आमच्याच टेबलाभोवती फिरले. वरून कपाचं गोल तोंड, वाकल्यावर त्याचा कान. चित्रात दोन्ही एकदम होतं. इतकी वर्षं हे नुसतं पाठ केलं होतं, दिसलं आत्ता.

मुलाखतीत बाईंच्या हातात प्रत दिली आणि टेबल सरळ करा म्हटलं. त्यांनी फिरवली. मग बाटलीसाठी फिरवली. मग शेजारच्या सरांनी ती ओढूनच घेतली! तेव्हा काकांचं नाव घेऊन सांगितलं, की हे कुठूनच सरळ होणार नाही, कारण चित्रकाराने टेबलाभोवती हिंडून दिसलेलं सगळं एकत्र मांडलंय. बाई हसल्या आणि आता कळलं म्हणाल्या. मागच्या वर्षीच्याच बाई, मावशी! बाहेर येऊन मी आनंदाने रडले.

पुढच्या रविवारी, २८ तारखेला, मी लोकांना घेऊन त्या चित्रासमोर उभी राहणार. तुम्ही दोघं सगळ्यांत पुढे हवेत. माया आहेच, ती घेऊन या. फक्त काकांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. मूळ चित्रही तितकंच वाकडं आहे.

तुमची,
रुचिरा