उजव्या हाताची जागा

प्रिय दादा,

फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन वहिनी उचलते. मग तू मागून ओरडतोस, बरा आहे म्हणून सांग. मग ती मला सांगते, बरे आहेत. मी ते आधीच ऐकलेलं असतं, तरी बरं बरं म्हणते आणि फोन ठेवते. म्हणून लिहायला बसले. तू हे अर्धं वाचून बाजूला ठेवशील अशी भीती आहेच. सध्या मला कशाचीही भीती वाटते म्हणा. दाराची घंटा वाजली तरी छातीत धडधडतं, आणि दार उघडावं तर इस्त्रीवाला. तो बिचारा मलाच विचारतो, ताई, बरं नाही का? तुझी ढमी अशी नव्हती, हे तुला ठाऊक आहे. भर कार्यक्रमात वीज गेली तेव्हा लोक ओरडत होते आणि मी सुपारी चघळत बसले होते, असं तूच सगळ्यांना सांगत सुटायचास.

ही भीती सुरू कधी झाली तेही मला नक्की माहीत आहे. तुला झटका आला तेव्हा नाही. तेव्हा घाबरायला वेळच नव्हता, औषधं, फायली, रक्ताचे रिपोर्ट, वहिनीला जेवायला लावणं यात दिवस गेले. डॉक्टरांनी सांगितलं की डावी बाजू गेली आहे, पाय हळूहळू येईल, बोटांचं सांगता येत नाही. तेव्हाही मी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला. तुझ्या लेकीच्या घरी लिफ्ट आहे, व्यायामाचा दवाखाना कोपऱ्यावर आहे म्हणून तुम्ही तिकडे गेलात, ते पटलं. मग एकदा बोलता बोलता वहिनीने सांगितलं की तू तिला गिटारच्या सगळ्या तारा सैल करायला लावल्यास आणि पेटी कपाटावर चढवलीस. तिच्या दृष्टीने ती नुसती आवराआवर. धूळ बसते ना, म्हणाली. मी हो म्हटलं आणि खुर्चीत बसले. तारा सैल कधी करतात हे तिला माहीत नाही, मला माहीत आहे. उद्या वाजवायची असेल तर कोणी सैल करत नाही. एवढी वर्षं तू गावाला जातानासुद्धा केल्या नाहीस. पुढे ती असंही म्हणाली की तू हसत हसत सांगतोस, उजवा हात आता चमच्यापुरता. ती हसली. मला हसू आलं नाही.

तर आता बातमी. मी एक नवीन वाद्य घेतलंय. पोस्टातून आलं तेव्हा खोकं इतकं लांबलचक आणि अरुंद होतं की शेजारच्या मास्तरीणबाईंनी विचारलं, पडद्याचा दांडा मागवला का? खरं सांगायचं तर उघडल्यावरही तसंच दिसतं. पोट नाही, भोक नाही, नुसती पट्टी. गिटारची मान तेवढी कापून आणावी आणि जरा रुंद करावी, एवढंच. त्यावर दहा तारा, पाच जाड, पाच बारीक, आणि सगळ्यात जाड तार कडेला नाही, मधोमध. पट्ट्याला अडकवून समोर जवळपास उभी धरायची. छेडायचं काहीच नाही. डाव्या हाताची बोटं जाड तारांवर आपटायची, उजव्याची बारीक तारांवर, टाइप करतात तशी. तार पट्टीवरच्या धातूच्या पडद्यावर टेकली की सूर लागतो. वायर स्पीकरला जोडलेली असते म्हणून ऐकू येतो, नाहीतर आपलं आपल्यालाच. बोट दाबून ठेवलं आहे तोवर सूर राहतो, उचललं की मेला. म्हणजे डावा हात माझं काम करतो, खालचा आधार धरायचं, आणि उजवा तुझं, गाणं वाजवायचं. एकाच माणसाने दोघांचं वाजवायचं वाद्य आहे हे. कशासाठी घेतलंस, असं तू विचारशील. हॉटेलवाल्यांचं लाउंज रंगकामानंतर उघडेल तेव्हा तिथलं काम हातचं जाऊ नये म्हणून, असं मी मास्तरीणबाईंना सांगितलं, आणि काही दिवस स्वतःलाही तेच सांगत होते.

पन्नाशी उलटल्यावर शिकाऊ होणं काय असतं, ते तुला सांगायला हवं. मी बेस गिटार वाजवणारी बाई, माझ्या हाताखालून किती मुलं शिकून गेली, आणि मला एक सरळ चाल धरता येईना. उजव्या हाताचा अंगठा टेकायला जागा शोधत हवेत फिरायचा. दोन बोटं सवयीने तार ओढायची, आणि या वाद्याच्या वरच्या टोकाला कापड बसवलेलं असतं, त्यामुळे ओढलेली तार नुसती खुट्ट करते. माझे विद्यार्थी असे खुट्ट करायचे तेव्हा मी किती तोंडसुख घेतलंय त्यांच्यावर! तारा पट्टीला इतक्या लागून आहेत की शिंकेनेसुद्धा सूर लागावा. जोर लावला की किंचाळतात, हलकं टेकवलं की कुजबुजतात. बाईंनी एकदा भिंतीपलीकडून विचारलं, मांजर सापडलं का? मी म्हटलं, शोधतेय.

हळूहळू डावा हात बसला. त्याला काय, जन्मभर तेच केलंय त्याने. मग मी आपलं नेहमीचं पहिलं गाणं काढलं, लाउंजमध्ये आपण ज्याने सुरुवात करायचो ते. डाव्या हाताने सुरुवातीची चाल वाजवली, छान वाजली. आणि नंतर काही झालंच नाही. चाल फिरून पहिल्यापासून सुरू झाली, पुन्हा फिरली. मी वाजवत राहिले आणि उजवा हात तारांवर नुसता ठेवलेला. मला वाटलं विसरले, मग वाटलं कठीण आहे म्हणून जमत नाही. मान अवघडली तेव्हा लक्षात आलं की मी उजवीकडे बघतेय. तुझी खुर्ची असायची तिकडे. तू नाक ओढून सुरुवात करायचास ना, त्या सुर्र आवाजाची वाट बघत होते मी! दुसरा कुठला वाजवणारा असली चूक करेल? आपणच आपली वाट बघत बसायचं! हसले मी. हसता हसता वाद्य खाली ठेवलं आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिले.

पुढचं सांगायला मला जास्त भीती वाटते. उजवा हात शिकला, दादा. शिकवला मी त्याला, ओळ ओळ करून, पाठ करून घेतला. आणि एके सकाळी पूर्ण गाणं सलग वाजलं. तिसऱ्या ओळीवर तो हात उशिरा आला. तू येतोस तसा, जेमतेम एका श्वासाने उशिरा, ज्याच्यावरून मी तुझ्याशी एवढी वर्षं भांडले आणि तू म्हणायचास, ढमी, गाणं काही बस नाही वेळेवर यायला. मी हे त्याला शिकवलं नव्हतं. शेवटच्या सुरावर तू बोट किंचित थरथरवतोस, तेही त्याने केलं. माझाच हात, माझ्याच बांगड्या, आणि वाजवतोयस तू. मी इतकी घाबरले की बोट तसंच दाबून बसून राहिले, कारण उचललं की सूर मरणार हे माहीत होतं. असं तर गेलेल्या माणसाचं करतात. त्याचा आवाज जपून ठेवतात, त्याची नक्कल करतात, लोक म्हणतात अगदी हुबेहूब. तू तिकडे बाल्कनीत बसून पेपर वाचतोयस, चहात साखर कमी म्हणून वहिनीवर चिडतोयस, आणि मी इकडे तुझ्या जागेवर बसून तुझी आठवण वाजवतेय! सगळ्यात वाईट म्हणजे, चांगलं वाजत होतं. लाउंजमधल्या लोकांना काही कमी आहे हे कळलंही नसतं. तुझ्यावाचून अडत नाही, हे तू स्वतः ठरवून तारा सैल केल्यास, आणि मी जीव तोडून सराव करून तेच खरं ठरवायला निघाले होते. मी ते वाद्य खोक्यात घातलं आणि पलंगाखाली सारलं.

ते बाहेर काढलं मास्तरीणबाईंनी. म्हणजे मांजराचा आवाज का बंद झाला म्हणून चौकशीला आल्या आणि दाखवाच म्हणून हटून बसल्या. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, निवृत्त झाल्या तरी वर्ग सुटलेला नाही. मी स्टुलावर बसून डाव्या हाताने नुसती चाल धरली. उजवा हात तारांना लावायचाच नाही असं ठरवलं होतं. त्या उजवीकडे उभ्या होत्या. त्यांनी न विचारता पुढे होऊन एका बारीक तारेवर बोट टेकवलं. सूर लागला तशा त्या दचकल्या, आणि दचकून बोट उचलायचं तर आणखीच घट्ट दाबलं. मी थांबले नाही. त्यांना म्हटलं, आता दुसरीकडे. त्यांनी दुसरीकडे टेकवलं. सूर कुठला बरोबर, कुठला चुकीचा, त्यांना काय कळणार, भयंकर वाजत होतं. पण मला पुढचं बोट कुठे पडणार हे माहीत नव्हतं. ते दुसऱ्या माणसाचं होतं, आणि मला त्याच्यासाठी थोडं थांबावं लागत होतं, थोडं पुढे जावं लागत होतं. किती दिवसांनी मी कोणाबरोबर तरी वाजवत होते! तेवढा वेळ भीती कुठे गेली होती कोण जाणे. त्या घरी गेल्यावर मी त्या पट्टीकडे बघत बसले, कारण जे सुचलं होतं ते तुला सांगावं लागणार होतं.

या वाद्यावर उजव्या हाताला डाव्याची मदत लागत नाही, दादा. गिटारला लागते. गिटारवर उजवा हात छेडतो आणि डावा सूर देतो, एक गेला की दुसरा रिकामा. इथे प्रत्येक हात आपापला सूर आपणच काढतो. तुझा उजवा हात धड आहे, चमचा धरतो, पेपर उलटतो, वहिनी म्हणते बुद्धिबळाच्या सोंगट्या मांडतो. ज्या सुतारांनी माझी खिडकी बसवली त्यांच्याकडून मी एक स्टँड करून घेतलाय, म्हणजे वाद्य मधे उभं राहील आणि कोणाच्या अंगावर अडकवायला नको. डावीकडे मी, उजवीकडे तू. अर्धं एकमेकांकडे वळून बसावं लागेल, आपण तसे कधी बसलो नाही, आपलं तोंड कायम लोकांकडे. पहिले दिवस तुलाही खुट्ट होईल, किंचाळेल, तू शिव्या देशील. देशील ना? तू शिव्या दिल्यास तर मी देवाजवळ आणखी काही मागणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण इथवर आलास म्हणजे घडी घातलेली नाहीस. लाउंजचं रंगकाम संपलंय. नव्या मॅनेजरचा फोन आला होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी उद्घाटन आहे. त्याला बहीण-भाऊच हवेत, जुनी गिऱ्हाइकं विचारतात म्हणे, नाहीतर तो मशीनवर गाणी लावणार आहे. दोघं येणार ना, असं त्याने विचारलं आणि मी हो म्हणून बसले. तुला न विचारता. फोन ठेवल्यापासून धाबं दणाणलंय. तू रागावशील याची भीती आहे. तू वहिनीकडून निरोप पाठवशील, नको म्हणून सांग, याची त्याहून जास्त आहे. आणि तू येशील, बसशील, बोट टेकवशील आणि जमणार नाही, आणि ते मी समोरून बघेन, या विचाराने तर झोप उडाली आहे. तरी मी एक केलंय. उजव्या हाताचा सराव बंद केला होता, तो त्या फोननंतरही बंदच ठेवला. आता तो पाठ केलेलं विसरत चाललाय, काल एकदा लावून पाहिला तर दुसऱ्या ओळीतच अडला आणि मला बरं वाटलं. म्हणजे त्या शनिवारी माझ्याजवळ अर्धंच गाणं असणार आहे. मी ठरल्या वेळी जाऊन बसेन आणि माझ्या वाटणीचं तेवढं वाजवेन. लोक विचारतील, बाई, बाकीचं कुठाय? त्यांना काय सांगायचं, ते तू कळव.

तुझीच,
ढमी