खुर्चीवरचा मुकुट

बाबा, तुमची ओकची खुर्ची आता माझ्या मँचेस्टरच्या फ्लॅटमध्ये आहे, खिडकीपाशी. पाठीवर तोच कोरलेला मुकुट, खाली राणीच्या नावाची ती दोन अक्षरं. लंडनला वेम्बलीच्या घरी येईल त्याला तुम्ही सांगायचात, "बसा, बसा, इंग्लंडची राणी बसलीय यावर!" आणि आई आतून ओरडायची, "अहो, आधी चहा तरी घेऊ द्या त्यांना." दरवर्षी गणपतीही त्याच खुर्चीवर बसायचा. पूजेच्या वेळी आई मुकुटालाही हळदकुंकू लावायची, इतकी वर्षं की ते नक्षीत पार मुरलं.

मिलेनियम उलटल्यावर कधीतरी आपण ती चर्चच्या हॉलमध्ये नेली. जुन्या वस्तू तपासून देणार होते तिथे. तपासणारा गृहस्थ मोठा सज्जन. खुर्ची खरंच जुनी आहे म्हणाला, पण मुकुट आणि अक्षरं फार नंतरची. राणीची म्हणून खपावी यासाठी कुणा दुकानदाराने कोरून घेतलेली. मग नक्षीतलं लाल बघून त्याने विचारलं, हे काय? मला तर जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. तुम्ही मात्र खुशाल हसत सांगितलंत, "माय वाइफ. एव्हरी गणपती."

मला वाटलं, आता तरी गप्प बसाल. कसले! त्या वर्षी आरती झाल्यावर अख्ख्या मंडळासमोर तुम्हीच जाहीर केलंत, "राणीबिणी कुणी बसली नव्हती हो, आपल्याला टोपी घातली! पण बाप्पा खरा बसतो." सगळे खो खो हसले. मी तणतणत वरच्या खोलीत गेले. तुम्ही मोदकाची वाटी घेऊन मागून आलात. "अगं, थापा मारल्या की त्या लक्षात ठेवाव्या लागतात. मला कुठं जमणार?"

बाबा, मला जमतं. काल दुपारी ऑफिसची मंडळी जेवायला आली होती. त्यांना मी राणीची गोष्ट सांगितली, अगदी तुमच्या थाटात. माझी बॉस भारावून मुकुटावरून हात फिरवत होती. तिने विचारलं, हे लाल काय आहे?

"काय माहीत," मी म्हणाले, "नंतर कुणीतरी फासलेलं दिसतंय."

कुणीतरी! आईला कुणीतरी म्हणाले मी! बोलले आणि फार लाज वाटली.

तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे मी तुम्हाला पाठवलं नसतं. मंडळी गेल्यावर, पुन्हा कुणी विचारू नये म्हणून, मी ओला फडका घेऊन ते कुंकू पुसायला बसले होते. निघालं नाही, म्हणून राहिलं.