कोऱ्या कापडातलं चीज

नागपूर,
ता. २० डिसेंबर १९७६

प्रिय कौसल्या,

घाबरू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फक्त तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही, रुपराव गवळी मला पाहिलं की मिशीत हसतो आणि दोन महिन्यांपासून आपल्या घराला आंबट वास येतो आहे. या सगळ्याचं कारण तू. तिकडे आणंदला डेअरीचं शिकता शिकता एक कागद पाठवलास आणि साठीच्या बापाला चुलीपुढे बसवलंस.

चूक माझीही आहे म्हणा. चीजच्या कारखान्यात नोकरी मिळाली, एक जानेवारीला रुजू व्हायचं आहे, परवानगी द्या, असं तू दसऱ्याआधी लिहिलंस. इकडे उमरेडचे देवाजी आपल्या मुलासाठी तुझी चौकशी करत होते. मी पोस्टकार्डावर दोनच ओळी खरडल्या. दूध फाडायला काय शिकायचं असतं? घरी ये. मला वाटलं, तू रडशील, भांडशील, दोन पत्रं आईला वेगळी लिहिशील. तू यातलं काही केलं नाहीस. चीज कसं करायचं ते एका फुलस्केप कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून पाठवलंस आणि खाली पैज लावलीस, की बाबा, एक जानेवारीच्या आत तुम्हाला जमलं तर मी नोकरी सोडून घरी येते, नाही जमलं तर मला अडवू नका. मी तो कागद वाचून मोठ्यानं हसलो होतो. चाळीस वर्षं मागावर बसलो, लुगड्याच्या काठात एक दोरा चुकू दिला नाही, तो माणूस दुधाला भिणार होय!

पहिल्या खेपेला दोन शेर दूध घेतलं. उकळू देऊ नका, असं तू लिहिलं होतंस. पण आपल्या घरात न उकळलेलं दूध कोणी ठेवतं का? मी चांगल्या तीन उकळ्या आणल्या. मग निवल्यावर ताक घातलं, दूध जमवणाऱ्या पनीरफुलाचं पाणी घातलं आणि वाट बघत बसलो. दही नाही, पनीर नाही, चीज तर नाहीच. तळाशी पिठल्यासारखं काहीतरी आणि वर पाणी. तुझी आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पोरीच्या लग्नाची बोलणी चालू हायेत अन् तुमी काहून चांगलं दूध नासवून राहिले जी?" तिचंही खरं आहे. दूध आपणहून नासलं तरी ती दिवसभर खंतावते, आणि मी ते मुद्दाम, घड्याळ लावून नासवत होतो.

दुसऱ्या खेपेला दूध नीट जमलं, सुरी घातली तर स्वच्छ कापलं गेलं, आणि मी लगेच शेफारलो. पण ते इतकं कडू, की जिभेवरून चव दिवसभर गेली नाही. पनीरफूल तू मोजून सात-आठ दाणे लिहिलं होतंस. गांधीबागेतल्या ताराचंदनं पुडी बांधताना, हे तर साखरेच्या आजारावर घेतात, तुमाले कोणाले झाला, म्हणून दहा प्रश्न विचारले. एवढा त्रास काढून आणलेली वस्तू सात दाण्यांत काय वापरायची, म्हणून मी मूठभर भिजवली. कंजूसपणा मला कधी जमला नाही, त्याचं फळ मिळालं.

आता तिसरी खेप. ही मी तुझ्यापासून लपवणार होतो. तू लिहिलं होतंस, चोथा गाळायला धुतलेलं, विरळ कापड घ्या. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला कापड शिकवते! आपल्याकडे देवाला, पाहुण्याला, लेकीला कोरंच कापड देतात. धुतलेलं कापड म्हणजे कोणीतरी वापरलेलं. मी मागावरून नुकताच उतरवलेला तुकडा घेतला, घट्ट विणीचा, बोटाला गार लागणारा, आणि त्यात चोथा बांधून खुंटीला टांगला. एक तास झाला, दोन झाले, खाली ठेवलेल्या परातीत चार थेंब. संध्याकाळपर्यंत गाठोडं टम्म फुगून बसलं. सकाळी सोडलं तर आतलं सगळं आंबून चिकट झालेलं, आणि वर आपल्या खळीचा वास. सुताला तांदळाची खळ दिलेली असते, ती धुतल्याशिवाय निघत नाही, पाणी लागलं की फुगते, हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. दुसऱ्या कोणा कोष्ट्यानं असं केलं असतं तर मी आळीभर सांगत फिरलो असतो. तो तुकडा मी गुपचूप नळाखाली धुतला आणि तुझ्या आईनं तो वाळत घातला.

चौथ्या वेळेला वजन हळूहळू वाढवायचं होतं. मी पहिल्याच फटक्याला पाटा ठेवला. सगळं लोणी बाहेर, आत राहिला तो रबर. त्या दिवशी चटणीही उशिरा झाली, कारण पाटा माझ्या ताब्यात.

नेमके त्याच दिवशी देवाजी आले. घरात तो वास, ओट्यावर ते रबर, आणि मी हातात तुझा कागद घेऊन उभा. चहा झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे वास घेत विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. ते मांडीवर थाप मारून हसले आणि म्हणाले, "दूध फाडाले पोरगी इतक्या दूर कायले पाठवली गा मारोतराव? आमच्या घरी उन्हाळ्यात रोजच फाटते!"

कौसल्या, तो माणूस वाईट नाही. घरी सगळे करतात तशी थट्टा त्यानं केली. पण मला काय झालं कोण जाणे. मी अर्धा तास त्यांना दूध किती गरम करायचं, का उकळायचं नाही, कापड कसं लागतं, वजन कसं चढवायचं, हे सगळं ऐकवलं. आवाज इतका चढला, की शेजारची रंभाबाई भांडण लागलं समजून धावत आली. देवाजी काठी घेऊन उठले आणि बस धरायची आहे म्हणून गेले. ते गेल्यावर मी ओसरीवर बसलो तेव्हा लक्षात आलं, की त्यांनी बोललेलं वाक्य माझंच होतं. पोस्टकार्डावर मीच तुला लिहिलं होतं. त्यांच्या तोंडून ते मला इतकं झोंबलं, तर तुला बापाच्या अक्षरात वाचताना काय वाटलं असेल. मला फार लाज वाटली, पोरी.

दुसऱ्या दिवशी पाचव्यांदा बसलो. या वेळी कागद समोर, चष्मा डोळ्यावर, आणि ओळीबाहेर काही नाही. बोटाला सोसेल इतकंच गरम. सात दाणे. तोच तुकडा, आता चांगला धुतलेला आणि मधले दोरे उपसून विरळ केलेला. आधी शेरभराचं वजन, मग दोन शेरांचं. चीज मुरवायला गार आणि ओलसर जागा कुठून आणायची, यावर तू काही लिहिलं नव्हतंस, ते मात्र माझं डोकं. मागच्या खोलीतला दुसरा माग दोन वर्षांपासून बंद आहे. त्याचा पाय घालायचा खड्डा भर उन्हाळ्यातही गार असतो. त्यात फळी टाकून चीज ठेवलं, रोज सकाळी मिठाच्या पाण्यानं पुसलं. अठरा दिवस.

काल काढलं. वरून पिवळसर, आतून मऊ. कडू नाही, आंबट नाही. तुझ्या आईनं नाक मुरडत कणभर घेतलं, म्हणाली, "मीठ बराबर हाये," आणि न विचारता दुसरा तुकडा कापला. रुपरावाला दिला, तो हसला नाही.

म्हणजे पैज मी जिंकलो, आणि तू घरी यायचं. हेच लिहायला काल बसलो होतो आणि एक ओळ पुढे सरकली नाही. मला काय जमलं? तू लिहिलंस ते तुझ्या शब्दाप्रमाणे केलं तेव्हा जमलं, माझं डोकं चालवलं त्या चारही वेळा दूध मातीत गेलं. आणि खरं सांगू? त्या कागदाखाली दुसऱ्या कोणाचं नाव असतं ना, एखाद्या साहेबाचं, तर मी पहिल्याच वेळी मुकाट ऐकलं असतं. चार वेळा ऐकलं नाही, कारण सांगणारी माझी पोरगी होती. देवाजींना आज सकाळीच नकार कळवला. एक जानेवारीला रुजू हो, आणि यापुढे मला परवानगी मागू नकोस.

तुझाच,
बाबा