हत्तींखालचा स्वेटर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींनी कानाचं यंत्र लावायला सुरुवात केली, की अजून ते डबीत ठेवून तुझं बोलणं ऐकायचं टाळतात? सूनबाईंना सातवा लागला असेल, त्यांना माझा आशीर्वाद सांग. डॉक्टरांनी दिलेली तारीख मी डायरीत लाल शाईने लिहून ठेवली आहे. इकडे आम्ही दोघं ठणठणीत.

बाळाचा स्वेटर विणायचा म्हणून तू आईच्या हातचा विणीचा कागद मला पाठवलास, 'तुझं अक्षर चांगलं आहे, नीट नक्कल कर आणि अस्सल परत पाठव' अशी ताकीद देऊन, त्याला आज तीन आठवडे झाले. कागद सुरक्षित आहे. (सध्या तो काचेखाली आहे. आपल्या घरातला कुठलाही कागद आजवर इतका सुरक्षित राहिलेला नाही.) तो तिथे कसा गेला ते क्रमाने सांगतो. मध्येच वाचन टाकून फोन करू नकोस, फोनवर मला काहीच नीट सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर माझं कसं चाललंय ते हिने तुला सांगितलंच असेल, तेव्हा आता माझी बाजू ऐक. एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेला माणूस साबणाची वडी उघडल्याची तारीख खोक्यावर घालतो, यात वावगं काय आहे? औषधाच्या बाटल्यांना क्रमांक दिले तर गोळी चुकत नाही. हिचं म्हणणं असं की हद्द झाली ती तिच्या मैत्रिणीने वाचायला दिलेल्या पुस्तकाच्या दिवशी. (पहिल्या पानावर मी 'मिळाले' असं लिहून खाली सही केली होती. पुस्तक मिळालं होतंच की.) त्या संध्याकाळी तिने मला न विचारता वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या शनिवारच्या वर्गात माझं नाव घातलं.

वर्ग चित्रकलेचा नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. बाई म्हणजे कोपरापर्यंत रंगलेली, तिशीच्या आतली एक हसतमुख मुलगी. 'मिक्स्ड मीडिया आर्ट जर्नल' असं त्या प्रकाराचं नाव. म्हणजे एक जाड वही घ्यायची, तिच्या पानावर जुने कागद चिकटवायचे, त्यावर जेसो नावाचा पांढरा लेप फासायचा, मग रंग, मग दोरा, चिंधी, बटण, जे हाताला लागेल ते, आणि वर रबरी शिक्के. 'शिक्के' हा शब्द कानावर पडला आणि मी खुर्ची पुढे ओढली. इतका वेळ मी पळून जायचा विचार करत होतो, हे तुझ्यापासून लपवत नाही.

दुसऱ्या शनिवारी विषय दिला होता 'भारतीय'. ट्रेमध्ये हत्ती, मोर, कमळ आणि कोयऱ्या. ताई, तू सांग, आपल्या सबंध खानदानात हत्तीशी कुणाचा संबंध आला? मला विचारशील तर भारतीय शिक्का एकच. गोल, मध्ये तारीख, आणि कडेची अक्षरं कधीच धड न उमटलेली. तो ट्रेमध्ये नव्हता. मी हत्ती घेतला, कारण त्याची मूठ तेवढी लाकडी आणि हातात बसणारी होती.

आता मुद्द्यावर येतो. पानाच्या तळाला घरचा एखादा जुना कागद हवा, हाताने लिहिलेला असेल तर उत्तम, असं बाईंनी आदल्या शनिवारी सांगून ठेवलं होतं. माझ्या पिशवीत जुन्या डायरीची पानं होती आणि तुझं पाकीटही होतं, कारण खालच्या मजल्यावर झेरॉक्स निघते. घाईगडबडीत चुकून भलताच कागद डिंकावर गेला. माझ्या लक्षात आलं तोवर डिंक धरला होता आणि जेसोचा पहिला हात फिरला होता. विभागात एक शिस्त होती, की सुरू केलेलं काम अर्धवट सोडून उठायचं नाही. मी शिक्के मारायला घेतले.

इतरांचे हत्ती वाकडे, अर्धे, शेपटी नसलेले. माझे सात हत्ती एका ओळीत, सारख्या अंतरावर, एकाच दाबाचे. ती मनगटाची सवय आहे, तिला कौतुक नको. पण प्रत्येक हत्तीखाली तारीख घालून सही कधी झाली हे मात्र माझं मलाच कळलं नाही.

"काका, हत्तीखाली सही कशाला केलीत?" बाईंनी विचारलं.

"त्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत," मी म्हणालो.

त्या खूप हसल्या. मग सगळ्या वर्गाला माझं पान बघायला बोलावलं.

माझ्या शेजारी एक दातांच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्या विणकाम करतात, हे माझं दुर्दैव. चष्मा कपाळावर चढवून त्या जेसोतून वाचायलाच लागल्या. "अहो, हा तर लहान मुलाचा स्वेटर आहे! मुंढ्यापर्यंत स्पष्ट दिसतंय, पुढे हत्ती बसलाय."

नुकसानीचा तपशील असा. पाठ शाबूत. पुढची बाजू मुंढ्यापर्यंत शाबूत. डावी बाही दुसऱ्या आणि तिसऱ्या हत्तीखाली. उजवीसाठी आईने 'तशीच' एवढंच लिहिलेलं असल्यामुळे तीही गेली. गळा मोराच्या मागे. (मोर बाईंनी मारला. मी नको म्हणालो होतो.) डॉक्टरीणबाईंनी पर्समधून काहीतरी टोकदार काढून, कीड काढावी तसा गळा मोकळा करायचा प्रयत्न केला. त्यात 'सुलट'मधला 'सु' आणि मोराचा एक पाय निघाला, तेव्हा मी त्यांना हात जोडले.

पुढे वाचनालयाच्या दालनात प्रदर्शन लागलं आणि माझं पान चौकटीत बसून दाराजवळ गेलं. हिला बघायला घेऊन गेलो. आता माझ्या सह्यांवरून चारचौघांत उद्धार होणार म्हणून मी थोडा लांबच उभा होतो. ती बराच वेळ पानासमोर थांबली. "हे अक्षर आईंचं ना?" एवढंच तिने विचारलं. साबणाच्या तारखांबद्दल तेव्हापासून काही बोललेली नाही.

असा सगळा प्रकार झाला. तू रागावणार, आणि ते रास्तच आहे. दाजींना नमस्कार.

तुझा अपराधी,
धाकटा

ता. क. प्रदर्शन महिनाअखेर संपेल. पण चौकट हातात आली तरी कागद सुटणार नाही. डिंक चांगल्या प्रतीचा होता.

ता. क. २. वर 'घाईगडबडीत चुकून' असं लिहिलं आहे, ते खोडलेलं समज. डायरीची पानं एका कप्प्यात होती, तुझं पाकीट दुसऱ्यात, आणि एकतीस वर्षांत मी कागद ओळखायला कधी चुकलो नाही. आई गेल्यावर तिच्या हातचं जे काही लिहिलेलं होतं ते तुझ्याकडे राहिलं. ते बरोबरच झालं, तिच्याजवळ तू होतीस. पण माझ्याकडे तिचं एक अक्षर नाही, ताई. मागितलं असतं तर तू दिलं असतंस, हेही मला ठाऊक आहे. मागायला तोंड उघडेना. तर हे सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ती विनंती एवढीच, की अस्सल परत मागू नकोस.

ता. क. ३. स्वेटर अडणार नाही. डिंक लावायच्या आदल्याच दिवशी मी नक्कल केली होती, ती सोबत जोडली आहे. दोनदा ताडून पाहिली, खाली सही-तारीख आहे. एक ओळ मात्र घेतलेली नाही. आईने कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'धाकट्याचे हात लांब आहेत, त्याच्या बाह्या दोन बोटं जास्त धरणे.' ती बाळाच्या स्वेटरला लागू नाही.