निलमताईच्या नव्या खोलीतली भांडी

प्रिय निलमताई,

आधीच सांगते, माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. आणि ह्या फोनवर एकेक अक्षर शोधत बसावं लागतं, काचेला तडा गेलाय तिथं बोट लागत नाही. सकाळपासून लिहितेय. फोनच करणार होते, पण मला फोनवर बोलता येत नाही, तुला माहितेय. तू हॅलो हॅलो करतेस आणि मी नुसती हुं हुं करत राहते.

तू विचारलंस, वापीच्या नव्या खोलीत काय काय भांडी घेऊ. भावेशभावोजींच्या घरात मासळी चालत नाही, म्हणजे वरण-भात, भाजी-भाकरी एवढ्यापुरतंच लागेल. तर ऐक. कुकर तीन लिटरचा घे, दोघांना पुरतो आणि एखादा पाहुणा आला तरी निभतं. कढई बिडाची घे, जड असली तरी. मी तलासरीच्या बाजारातून स्टीलची चकचकीत आणली, तिच्यात शेवग्याचा पाला केला तर तळाला असा लागला की राखेनं घासून हात सोलले. विळी घेशील ती पुढे खोबरं खवायचं दातेरी पातं असेल अशी घे, म्हणजे खवणी वेगळी नको. आणि दुकानातच खाली ठेवून पायानं दाबून बघ, डुगडुगते का. दुकानदार हसला तर हसू दे. मला लाज वाटली, मी नाही बघितलं, आता खाली फडकं घालून चिरते. चिमटा लांब घे. किसणी एकच पुरे. तू लिहिलंस, मिक्सर नको, वाटायला मी आईचा पाटा नेणार. पण ताई, तू मिक्सर घेच.

मला हे सगळं आता कळायला लागलं, कारण आपल्या घरातलं जवळजवळ सगळंच नवीन आणावं लागलं. तुला मी अर्धंच सांगितलं होतं. आईला जाऊन वर्ष झालं आणि बाबानं गळ्यात तुळशीची माळ घातली. हिरकणीआत्याकडचे सगळे माळवालेच, तिनंच नेलं त्याला. मग आत्या चार दिवस राहायला आली आणि म्हणाली, मासळी शिजलेलं एक भांडं घरात राहायला नको. आईची कालवणाची मातीची तवी तिनं स्वतः नेऊन बांधावर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघितली तर कुणाच्या तरी गुरानं फोडली होती. विळी अच्छाडच्या ढाब्यावर गेली. मी कशी अडवणार? माळ घातल्यापासून बाबानं थेंब घेतला नाही गं. संध्याकाळी वेळेवर घरी येतो, अंगण झाडतो, मला विचारतो, रूपी बाय, जेवलीस का? आई होती तेव्हा असं त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. मग मी भांड्यांसाठी कुठल्या तोंडानं रडू?

पण पाट्याशी आली तेव्हा मी बोलले. आत्या म्हणाली, ह्याच्यावर तर ती रोज जवळा वाटायची, काढा बाहेर. मी म्हटलं, आत्या, दगड आहे, टाकी लावून घेऊ, नव्यासारखा होईल. ही माझीच अक्कल. मला वाटलं टाकीवाला येईल, दर वेळी मारतो तसे बारीक बारीक टवके मारील आणि जाईल. मंगळवारी आला तो, छिन्नी-हातोडा गोणपाटात बांधून. आत्या त्याच्या डोक्यावरच बसली. वरवर नको रे, वास खोल गेलाय, थर काढ चांगला. तो मारायचा, पाणी ओतायचा, आत्या वाकून वास घ्यायची आणि म्हणायची, येतोय अजून, मार. मधला तो खळगा आठवतो ना, आईचा हात फिरून फिरून पडलेला? त्यात पाणी भरून तू चिंचोके पोहायला सोडायचीस आणि आई ओरडायची, मेल्यांनो, मला मिरची वाटायचीय. त्यानं सगळ्या कडा खोदून त्या खळग्याच्या पातळीला आणल्या. बास म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं. तो माणूस चांगला होता ताई, त्यानं हात थांबवून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, काय गं पोरी, राहू दे का? आणि मी मान खाली घातली.

आता तो पांढरट दिसतो, सगळीकडून एकसारखा. मिरची एका जागी राहत नाही, कडेला पळते. बाबा म्हणाला, बघ, वाचला ना आईचा पाटा. मी हो म्हटलं. भावेशभावोजींच्या घरातही चालेल तो आता.

हे एवढं मोठं लिहायचं कारण, तू रविवारी पाटा न्यायला येते म्हणालीस. दारात येऊन अचानक बघण्यापेक्षा आधी माझ्याकडून कळलेलं बरं. आणि अजून एक. वरवंटा मी टाकीवाल्याला दिला नाही. आत्यानं विचारलं तर म्हटलं, कधीच फुटला. एवढं सरळ खोटं मी पहिल्यांदा बोलले आणि जीभ अडखळली पण नाही. भाताच्या कणगीत तळाला ठेवलाय. बाबा कामाला गेला की काढते, नाकाशी धरते. जवळ्याचा वास येतो अजून, पण रोज थोडा कमी होतो. तू रविवारी ये, पाटा न्यायचा तर ने, नाही तर राहू दे. मला मार पाहिजे तर. पण वरवंटा मागू नकोस ताई. त्याला वास आहे तोवर तरी नको.

झिपरूकाकाची शेळी काल व्याली. तीन पिल्लं झाली, तिन्ही काळी.

तुझीच,
रूपी