मुक्या विनंतीचा फोन

तीर्थरूप व्हर्लनदादास,

धाकट्या अर्लीनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डेट्रॉइटला बर्फ पडला असेल, तर कानटोपी घालून बाहेर पडत जा. एकटा माणूस काय रांधून खात असशील देव जाणे. (डबाबंद सूप म्हणजे जेवण नव्हे, हे मी कितव्यांदा सांगतेय?)

इकडे अलाबामात सगळं ठीक. भुईमुगाची काढणी आटोपली. आमचं रेडिओ स्टेशन, तू ज्याला ‘देवाचं दुकान’ म्हणतोस ते, अजून चालू आहे आणि सकाळची माइकवरची खुर्ची अजून माझीच आहे. स्वर्गाच्या वाटेवरचं एखादं गोड गाणं संपलं की लगेच अंत्यसंस्कारवाल्यांची जाहिरात, आणि तिच्यामागून तळलेल्या कॅटफिशची. मध्ये मी हा क्रम उलटा केला, तर कॅटफिशवाला तणतणत आला. म्हणाला, बाई, माझ्या माशांमागून लगेच शवपेट्यांची आठवण कशाला करून देता? बॅप्टिस्ट पंथाची गाणी दोन जास्त झाली की मेथडिस्ट पंथवाले फोन करतात, मेथडिस्टांची झाली की बॅप्टिस्ट. प्रभूला मात्र आजवर एकही तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. सातला आमचा प्रार्थनेचा कार्यक्रम असतो. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाची गाय हरवलेली असते, कुणाच्या जावयाला नोकरी हवी असते. लोक फोन करतात, मी नावं वाचते, सगळा गाव प्रार्थना करतो. आणि मधूनच कुणी एवढंच म्हणतं, “माझी मुकी.” म्हणजे मुकी विनंती. तुला आठवत असेल, आपल्या चर्चमध्येही लोक हात वर करून तेवढंच म्हणायचे. दुःख आहे, सांगवत नाही, पण प्रार्थना करा. अशा माणसाला पुढे काही विचारायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आमचे मालक टिडमोरसाहेब तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “अर्लीन, माइकवरून कुणाला ‘काय झालं’ म्हणून विचारलंस, की ती खुर्ची सोडायची.” आणि हे कुणाला, तर शेजारणीच्या पिशवीत काय आहे ते कळल्याशिवाय जिला घास उतरत नाही, तिला!

तर उन्हाळ्यापासून रोज एक पुरुष फोन करू लागला. तोंडावर कापड धरल्यासारखा आवाज. “माझी मुकी,” एवढं म्हणायचा आणि फोन ठेवायचा. रोज! गावाला दुसरा विषय उरला नाही. न्हाव्याच्या दुकानात तर पैजाच लागल्या असत्या, पण आपल्यात पैज लावणं पाप, म्हणून सगळे नुसते ‘अंदाज’ करत बसायचे. माझा अंदाज होता टायरवाला होइट प्रुइट, कारण त्याची बायको बरेच दिवस दिसली नव्हती. मी केळ्यांचं पुडिंग केलं, त्याच्या घरी गेले आणि त्याचं खाऊन होईपर्यंत गोडीगोडीत खोदून खोदून चौकशी केली. निघालं काय, तर बायको भाचीच्या बाळंतपणाला मोबिल शहरी गेलेली! उलट होइटच विचारात पडला, की अर्लीन उगीच पुडिंग घेऊन यायची नाही, हिचंच काहीतरी बिनसलंय.

झालं! संध्याकाळी नेटी लू बायरम (चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती, जिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही) दुःखाच्या घरी नेतात तसं चिकनच्या कॅसरोलचं भलंमोठं भांडं घेऊन हजर. मागोमाग आणखी बायका, आणखी कॅसरोलं. फोनवरचा आवाज बाप्याचा होता, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मी नाही नाही म्हणत होते, पण मुकी विनंती ज्याची असते तो कधी हो म्हणतो का? चर्चच्या पाळकांनी तर भर दुकानात, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमध्ये, माझे हात धरून डोळे मिटून प्रार्थना केली. लोक टोप्या काढून उभे! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग गेल्या आठवड्यात तो फोन यायचा थांबला. एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. तिसऱ्या दिवशी माझ्याच्याने राहवेना. एकच गाणं लागोपाठ दोनदा लावलं आणि माइकवर म्हटलं, “रोज मुकी विनंती करणारे कुणी ऐकत असाल, तर फोन करा. आम्ही अजून प्रार्थना करतोय.” विचारलं काहीच नाही हं! तर फोनचे सगळे दिवे एकदम पेटले. होइट म्हणाला, माझी मुकी. नेटी लू म्हणाली, माझीही, आणि जन्मात पहिल्यांदा त्यापुढे एक शब्द बोलली नाही. कॅटफिशवालासुद्धा! मला इतकं रडू आलं, की सगळ्या जाहिराती राहून गेल्या. टिडमोरसाहेब धावत आले ते रागानेच. मी म्हटलं, शपथ, मी विचारलेलं नाही. ते दिव्यांकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “माझीही घे.” खुर्ची वाचली. पण ज्याच्या फोनसाठी जीव टांगणीला लागला होता, त्याचा काही आला नाही.

बाकी क्षेम. जिवाला जप.

तुझी,
अर्लीन

ता. क. कॅसरोलं अजून संपलेली नाहीत. कुत्रासुद्धा तोंड फिरवतो.

ता. क. दुसरा. तोंडावर रुमाल धरला की आवाज ओळखू येत नाही, असं तुला कुणी सांगितलं? फोन ठेवताना पपांसारखं नाक ओढतोस, ते मी दुसऱ्याच फोनला ओळखलं होतं. तरी पुडिंग घेऊन हिंडले, कारण ते दुःख दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं मला फार फार वाटत होतं. देव मला क्षमा करो, होइटचं असतं तर मी त्या रात्री सुखाने झोपले असते.

ता. क. तिसरा. टिडमोरसाहेबांचा नियम माइकपुरता आहे. पत्राला तो लागू नाही. म्हणून विचारते, दादा, काय झालंय रे?